मातीत वाढलेल्या खाशाबांनी परक्या मॅटवर ऑलिम्पिक पदक कसं काढलं?

चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिण टोक. बेळगाव जवळ, घाट उतरला की कोकण आणि गोवा, आणि जिल्ह्याचं गाव मात्र शंभरावर किलोमीटर लांब. पण कुस्तीचा विषय निघाला की चंदगड पक्कं कोल्हापूरचंच. जत्रा आली की मैदान ठरतं, माती उकरून भुसभुशीत केली जाते, हलगी कडाडते आणि बारकी पोरं नारळासाठी एकमेकांना भिडतात. त्यातलं एखादं पोरगं चांगलं निघालं की वस्ताद त्याच्या बापाला सांगतो, याला कोल्हापूरला तालमीत घाला.

इथपर्यंत सगळं मातीवर चालतं. पण तेच पोरगं देशाच्या संघाच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचलं की पायाखाली माती नसते. तिथं मॅट असते. आपल्याकडे तिला गादी म्हणतात. पोरगं तेच, ताकद तीच, डाव तेच, पण पायाखालची जमीन बदलली की अर्धी कुस्ती बदलते.

आज निदान हे सगळ्यांना माहीत तरी आहे. पण एक गडी असा होता, की बावीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा मॅटशी संबंधच आला नव्हता, आणि पहिल्यांदा मॅटवर उतरला तो थेट लंडन ऑलिम्पिकमध्ये. चार वर्षांनी त्यानंच स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं.

खाशाबा दादासाहेब जाधव.

नाव सगळ्यांना माहीत असतं. पहिलं पदक, हेलसिंकी, 1952, एवढंही बऱ्याच जणांना पाठ असतं. पण ते पदक ज्या जमिनीवर आलं ती जमीन आपल्या पैलवानांसाठी किती परकी होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर गोष्ट सुरू होते कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये. 15 जानेवारी 1926 चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळं पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं. पुढं बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक मिळाले. शाळा कराडची टिळक हायस्कूल. 1942 चं आंदोलन पेटलं तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचे होते. साताऱ्याकडचा तो सगळा भागच तेव्हा पेटला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, त्यांची पत्रकं पोहोचवणं अशी कामं या पोरानं केली.

अंगानं मात्र खाशाबा बारके. पैलवान म्हटलं की जो आडदांड गडी डोळ्यांसमोर येतो, तसे ते कधीच नव्हते. शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला आले तेव्हा हा बारकेपणा आडवाच आला. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना कुस्ती खेळायची होती, पण क्रीडा शिक्षकांनी अंगकाठी बघून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. मग या बारक्या पोरानं आपल्याहून मोठ्या गड्यांना एकामागून एक लोळवलं. खर्डेकरांचं नाव लक्षात ठेवा, ते या गोष्टीत परत येणार आहेत.

त्या काळचं कोल्हापूर कसं होतं, तेही थोडं बघायला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला असा काही आश्रय दिला होता, की देशभरातले मल्ल इथं येऊन राहायचे. खासबाग मैदान 1912 साली खुलं झालं. मधोमध मातीचा हौद, भोवती हजारो लोकांना बसायला चढती जागा, आणि कुठंही बसलं तरी कुस्ती दिसेल अशी रचना. गल्लोगल्ली तालमी होत्या. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं आजही पैलवान आदरानं घेतात.

या तालमीतली माती म्हणजे साधी माती नव्हे. ती चाळून घ्यायची, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मिसळायचा, रोज फावड्यानं खणून ती मऊ ठेवायची. पैलवान मातीला आई म्हणतो. कुस्तीआधी तिला हात लावून कपाळाला लावतो.

आता यातली खेळाची बाजू बघा.

मातीत पाय रुततो. त्यामुळं माणूस बुडात घट्ट बसतो आणि त्याला हलवायला खूप ताकद लागते. माती अंगाला लागते, घाम शोषते, मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकली की पकड चांगली बसते. जांगियाला किंवा लंगोटाला धरूनही डाव मारता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मैदानी कुस्तीत निकाल एकच, चितपट. समोरच्याची पाठ मातीला लागली की जिंकलात. तोवर अर्धा तास लागो नाहीतर तास. त्यामुळं पैलवानाची सगळी घडण दमाची होते. समोरच्याला दमवायचं, त्याची चूक व्हायची वाट बघायची आणि मग एकच डाव असा टाकायचा की खेळ खल्लास.

मॅटवर यातलं बरंचसं उलटं होतं. त्या काळची मॅट आजच्यासारखी फोमची नव्हती. गादीवर जाड कापड ताणून बसवलेलं असायचं. त्यावर पाय रुतत नाही, सरकतो किंवा झटकन वळतो. म्हणजे हालचालीचा वेग वाढतो. पायात शिरून पट काढणारा गडी मातीत जेवढा वेळ घेतो, त्याच्या कितीतरी आधी मॅटवर आत घुसलेला असतो. कपड्याला धरायचं नाही. वेळ ठरलेली. 1952 साली एक कुस्ती जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची होती. पंधरा मिनिटांत चितपट झाली नाही तर तीन पंच कौल देणार. वर दोषगुणांचा हिशेब वेगळाच. तुम्ही जिंकलात, पण समोरच्याला चितपट न करता जिंकलात, तरी तुमच्या खात्यावर दोष चढायचा. ठरावीक दोष झाले की स्पर्धेबाहेर.

म्हणजे मातीतल्या पैलवानाची जी मोठी शक्ती, दम धरून वाट बघणं, ती इथं नुकसानीची ठरू शकत होती. वाट बघायला वेळच नव्हता.

या जमिनीवर उतरणारे खाशाबा पहिले भारतीय नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला दोराबजी टाटांच्या पुढाकारानं जो छोटा भारतीय संघ गेला, त्यात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. त्याच संघात मॅरेथॉन धावायला होते बेळगावचे फडेप्पा चौगुले, म्हणजे चंदगडकरांचे शेजारीच. पण त्या अनुभवातून पुढच्यांसाठी काही उभं राहिलं नाही. मॅट आली नाही, मॅटवर शिकवणारे आले नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी खाशाबा लंडनला निघाले तेव्हा त्यांना सगळं शून्यापासूनच सुरू करायचं होतं.

1948 साली लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. देश स्वतंत्र होऊन वर्षच झालं होतं. तिरंगा घेऊन ऑलिम्पिकला जाणारा तो पहिला संघ. खाशाबा 52 किलो गटात, म्हणजे सगळ्यात हलक्या वजनात. तिथं संघाला मार्गदर्शन करायला अमेरिकेचे रीस गार्डनर होते. मॅटवर उभं कसं राहायचं, पाय कसा हलवायचा, कोणत्या पकडी चालतात आणि कोणत्या चालत नाहीत, हे सगळं खाशाबांना ऐन स्पर्धेच्या तोंडावर समजून घ्यावं लागलं. पोहायला येतं पण फक्त विहिरीत, अशा माणसाला एकदम समुद्रात सोडावं, तसा प्रकार.

तरी पहिल्याच कुस्तीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत पाडलं. बघणारे चकित झाले. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र हार झाली. खाशाबा सहावे आले. या वजनात भारतीय पैलवान एवढा वर पहिल्यांदाच गेला होता.

सहावा क्रमांक म्हणजे रिकाम्या हातानं परतणं. पण जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उतरला त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. खाशाबांना मात्र तसं वाटलं नाही. परत आल्यावर त्यांनी मेहनत आणखी वाढवली, वजन वाढवून 57 किलो गटात गेले. त्यांचा हुकमी डाव होता ढाक. समोरच्याची मान आणि हात आवळून, त्याला कमरेवर घेऊन थेट खाली आपटायचं. या डावाची गंमत बघा. मातीत तो चालतोच, पण मॅटवर त्याचं मोल वाढतं, कारण एका झटक्यात समोरचा पाठीवर येतो. पंचांचा कौल नको, दोषगुण नको. मातीचा मूळ नियम, पाठ टेकवा आणि मोकळे व्हा, हा मॅटवरही तितकाच खरा होता. फक्त तो खूप लवकर अमलात आणायला लागायचा.

जमीन बदलली की खेळ बदलतो, हे फक्त कुस्तीतच घडलं असंही नाही. हॉकीत आपण 1928 पासून 1956 पर्यंत सलग सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, ती सगळी गवतावर. 1976 ला माँट्रिअलमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर ऑलिम्पिक हॉकी झाली आणि भारत थेट सातव्या नंबरवर गेला. चेंडू वेगानं पळायला लागला, आपल्या पोरांकडं सरावाला टर्फच नव्हतं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण युरोपात सापडतं, आणि ते जरा भन्नाट आहे. स्की जंपिंग हा खेळ म्हणजे बर्फाच्या उंच उतारावरून सुसाट खाली यायचं आणि हवेत झेप घेऊन शंभर मीटरच्या आसपास लांब जाऊन उतरायचं. उन्हाळ्यात बर्फ नाही, मग खेळाडूंनी काय करायचं? पूर्व जर्मनीतल्या हान्स रेनर नावाच्या प्रशिक्षकानं 1954 मध्ये ओबरहोफ इथं टेकडीवर प्लास्टिकच्या झुपक्यांच्या चटया अंथरून बघितल्या. त्यावर पाणी मारलं की स्की जवळपास बर्फासारखीच घसरते. तेव्हापासून हे लोक उन्हाळ्यात हिरव्या प्लास्टिकवर उड्या मारतात आणि हिवाळ्यात बर्फावर. 1994 पासून तर उन्हाळ्याच्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरतात.

फरक लक्षात येतोय का? तिथं खोटी जमीन अशी बनवली की खऱ्या जमिनीवरचं कसब बारा महिने टिकावं. सरावाची जमीन आधी आली, स्पर्धा मागून आली. आपल्याकडे स्पर्धेची जमीन दूर परदेशात होती आणि सरावाला तसलं काहीच नव्हतं. खाशाबांनी जे केलं ते या दरीवरून मारलेल्या झेपेसारखंच होतं.

1952 उजाडलं. हेलसिंकी ऑलिम्पिक. पण तिथं पोहोचणंच कठीण झालं.

मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना एक गुण कमी दिला गेला आणि त्यांचं नाव मागं पडलं. हा गुण मुद्दाम कमी दिला, असा त्यांचा आरोप होता. दुसरा कुणी असता तर गप्प घरी आला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज खेळाचे शौकीन आणि क्रीडा क्षेत्रात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत संधी मिळवून दिली. तिथं खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ अस्मान दाखवलं. एका गुणाचा वाद चितपटीनं मिटवला. मातीतला माणूस, त्याला गुणांवर फारसा भरवसा नव्हताच.

निवड झाली, पण पैसे? आज खेळाडूच्या विमानतिकिटाची काळजी सरकार करतं. तेव्हा तसं नव्हतं. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. कुणी पैसे दिले, कुणी प्रवासाला लागणारं सामान दिलं. तरी मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा तेच राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढं आले. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. 1952 चे सात हजार. एखाद्या शिक्षकानं विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावं, आणि तेही तो परदेशात जाऊन कुस्ती खेळणार म्हणून, हे आजही ऐकताना खरं वाटत नाही.

खाशाबांसोबत कोल्हापूरचेच केशव माणगावेही हेलसिंकीला होते. त्यांचं नाव आता कुणी घेत नाही म्हणून इथं घेतलंच पाहिजे. 62 किलो गटात ते चौथे आले. पदकापासून एक पायरी लांब.

हेलसिंकीच्या मेस्सुहाल्ली या सभागृहात कुस्त्या झाल्या. खाशाबांच्या 57 किलो गटात वेगवेगळ्या देशांचे पैलवान होते. पहिली कुस्ती कॅनडाच्या एड्रियन पोलिकिनशी. ती चौदा मिनिटांच्या पुढं गेली. म्हणजे पंधरा मिनिटांची वेळ संपत आलेली, पंच कौल द्यायच्या तयारीत, आणि तेवढ्यात खाशाबांनी त्याला चितपट केलं. दुसरी मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोशी, ती पाच-साडेपाच मिनिटांत संपली, पुन्हा चितपट. तिसरी जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्सशी. ही मात्र पूर्ण वेळ चालली आणि निकाल पंचांच्या हातात गेला. दोन पंच खाशाबांच्या बाजूनं, एक विरोधात. जेमतेम सुटले.

लंडनला सहावा आलेला माणूस आता पदकाच्या टप्प्यात होता.

समोर होता जपानचा शोहाची इशी. याचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. इशी मूळचा ज्युदोवाला. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे एक गडी लाल मातीतून आलेला, दुसरा ज्युदोच्या चटईवरून, आणि दोघं भिडले ते फिनलंडच्या मॅटवर. कुस्ती पूर्ण वेळ रंगली. खाशाबा हरले. इशीनं पुढं सुवर्णपदक जिंकलं आणि त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण ठरलं.

यानंतर जे घडलं ते आजही सलतं. पंधरा मिनिटं झुंजून खाशाबा मॅटवरून उतरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उतरायला सांगितलं गेलं. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हा नियम दाखवून भांडणार कोण? भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नव्हता. खाशाबांना एकट्याला परक्या भाषेत पंचांशी वाद घालणं शक्य नव्हतं. ते तसेच दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य.

अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, याच्या चर्चा कराड-कोल्हापूरच्या तालमीत अजूनही चालतात. रौप्य तर नक्की होतं, असं म्हणणारे पुष्कळ. ते कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. पण मातीतल्या पैलवानाला मॅटवर लागणाऱ्या गोष्टी फक्त डाव आणि वेग एवढ्याच नव्हत्या, हे त्या दिवशी कळलं. नियमांचं पुस्तक हातात घेऊन कडेला उभा राहणारा आपला माणूसही लागतो.

ती तारीख होती 23 जुलै 1952. याआधी 1900 मध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी पॅरिसला धावण्यात दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर मिळवली होती, पण तेव्हा देश इंग्रजांच्या ताब्यात होता. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचंच.

परत आल्यावर कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत जी मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची होती. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. ढोल, लेझीम, फटाके. एका छोट्या गावाचं नाव एकदम देशभर गेलं.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी आधी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः त्यात लढले, जिंकले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदक मॅटवर मिळालं होतं, त्याचं कर्ज मातीनं फेडलं.

1955 मध्ये ते मुंबई पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले. पुढच्या वर्षीच्या मेलबर्न ऑलिम्पिकला जायची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनं ते राहून गेलं. तिथं त्यांची स्पर्धेतली कुस्ती जवळपास थांबली. पोलिसातल्या स्पर्धा ते जिंकत राहिले, पुढं पोलिसांना शिकवतही राहिले. सत्तावीस वर्षं नोकरी केली. बढतीसाठी मात्र वर्षानुवर्षं थांबावं लागलं. सहाय्यक पोलीस आयुक्त हे पद निवृत्तीच्या जवळ येऊन मिळालं आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं.

1982 ला दिल्लीत एशियाड झालं तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांमध्ये खाशाबांना मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 ला, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न.

सन्मान आले ते नंतर. राज्य सरकारचा छत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार त्याहून उशिरा, तोही मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. 15 जानेवारी 2023 ला गुगलनं त्यांचं डूडल लावलं आणि त्या दिवशी बऱ्याच पोरांनी हे नाव पहिल्यांदा सर्च केलं. हाच 15 जानेवारी आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यानंतर पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक यायला चव्वेचाळीस वर्षं लागली. 1996 ला अटलांटामध्ये लिअँडर पेसनं टेनिसमध्ये कांस्य घेतलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर छप्पन्न वर्षांनी, 2008 ला बीजिंगमध्ये सुशीलकुमारनं आणलं. मधल्या काळात भारतात पैलवान कमी नव्हते. हिंदकेसरी झाले, महाराष्ट्र केसरी झाले, खासबागेत लाखोंच्या कुस्त्या झाल्या. पण त्यातल्या बहुतेकांचं आयुष्य मातीत गेलं आणि गावोगावच्या तालमीत मॅट पोहोचायला फार उशीर झाला. एक मॅट घ्यायची, तर तालमीनं वर्गणी काढूनही ती परवडत नाही. शिवाय पोट जत्रांच्या मैदानांवर चालतं. इनाम मातीत मिळतं, नोकरी आणि पदक मॅटवर. पैलवानानं करायचं काय?

महाराष्ट्र केसरीनं यावर आपल्या पद्धतीचा तोडगा काढला. तिथं माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. माती श्रेष्ठ की गादी, यावर मैदानाच्या कडेला बसून तासन्‌तास वाद घालणारे जाणकार चंदगडपासून कराडपर्यंत कुठंही भेटतील.

आणि गोळेश्वर? खाशाबांच्या नावानं तिथं कुस्ती संकुल उभारायची घोषणा सरकारनं केली होती. वर्षं गेली, काम पुढं सरकलं नाही. 2017 मध्ये वैतागलेल्या कुटुंबीयांनी जाहीर केलं, की संकुलासाठी पैसा उभा करायला आता हेलसिंकीचं ते कांस्यपदकच लिलावात काढू. बातमी देशभर झाली, तेव्हा कुठं सरकारी फायलीवरची धूळ झटकली गेली.